देव जेवताना बघू नये

आमचं घर गुरवाचं. सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका गावात भैरवनाथाची पूजा सासरच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. रविवारी घराघरांतून नैवेद्य यायचे, इतर दिवशी देवाचं ताट आमच्याच चुलीवर व्हायचं. भाकरी, भाजी, असेल तर दूधभात. मी ताट वाढून द्यायचं. मामंजींनी ते गाभाऱ्यात न्यायचं, पाण्याचं मंडल करून त्यावर ठेवायचं, भोवती पाणी फिरवायचं, आणि बाहेर येऊन पडदा ओढायचा. मग आम्ही दोघं सभामंडपात पाच-सात मिनिटं गप्प बसायचो. नवी सून होते तेव्हा एकदा विचारलं, पडदा कशाला? मामंजी म्हणाले, "देव जेवताना बघू न्हाई. तुज्याकडं कुणी टक लावून बसलं तर तुला घास उतरंल का?"

ताट परत यायचं तेव्हा भाकरी नेली तशीच असायची, कोपराही मोडलेला नसायचा. पण देव जेवला नाही, असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलं नाही. ताट प्रसाद होऊन यायचं आणि आम्ही जेवायला बसायचो. (शंकराचा नैवेद्य दुसऱ्यांनी खाऊ नये म्हणतात, तो गुरवाचा. भैरवनाथ शंकराचंच रूप, त्यामुळे आमच्या पोटाला ही सवलत कधीपासूनची आहे.)

माझं काम मात्र नेमकं याच्या उलट. 1984 साली गावात अंगणवाडी आली आणि मी सेविका झाले. योजना सुरू झाली होती 2 ऑक्टोबर 1975 ला. आमच्या डोंगरापर्यंत चढायला तिला नऊ वर्षं लागली. अंगणवाडीत पडदा नाही. दर महिन्याला पोराला झोळीत घालून काट्याला टांगायचं, आकडा वाचायचा, तक्त्यावर टिंब द्यायचं, मागच्या महिन्याच्या टिंबाला जोडायचं. रेघ वर चढली तर बरं. आडवी पडली की आईला बोलवायचं, खाली आली की तिच्या घरी जायचं. एकतीस वर्षं मी बघण्याचेच पैसे घेतले. सरकार त्याला पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं, ते एक असो.

सकाळी मुलांच्या ताटात डोळे घालून बसायचं आणि दुपारी देवाच्या ताटावर पडदा ओढल्यावर बाहेर बसायचं, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ते आलं नातीमुळे.

नात पुण्याची. दोन वर्षांपूर्वी मुलाचा फोन आला, "आई, ये थोडे दिवस. पोरगी काही खात नाही." गेले. अडीच वर्षांची, वजन नऊ किलो आठशे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात त्या वयाच्या मुलीला दहा किलोच्या खाली कमी वजनाची धरतात, म्हणजे रेषेच्या दोनशे ग्रॅम खाली. हातपाय काटकुळे, पण डोळे चमकदार, दिवसभर सोफ्यावरून उड्या. मी अंगणवाडीच्या सवयीने आधी तिचे पाय दाबून पाहिले, सूज नव्हती. मग दंडाला पट्टी लावली, हिरव्यात आली. जीव जरा खाली पडला.

घरातलं जेवण मात्र बघवत नव्हतं. सून ऑफिसातून दमून यायची आणि वाटी-चमचा घेऊन लढाईला बसायची. मोबाइलवर गाणं लावायचं, पोरीचं तोंड जरा उघडलं की घास आत. मधेच पोरगी पळायची, सून मागे. एक घास काऊचा, एक चिऊचा, हे आम्हीही केलं. पण आमच्या वेळी काऊ-चिऊ खरोखर अंगणात होते आणि पोर त्यांच्याकडे बघता बघता स्वतःच्या हातानेही दोन शितं तोंडात घालायचं. इथे पोरीच्या हाताला अन्नाचा स्पर्शच नव्हता. तासाभराने वाटी अर्धी उरायची, सुनेचे डोळे भरायचे, आणि मग कपाटातून डबा निघायचा.

डब्यावर हसरं, गुटगुटीत पोर. आत दुधाची पावडर, साखर, तेल, माल्टोडेक्स्ट्रिन आणि जीवनसत्त्वांची लांबच लांब यादी. व्हॅनिलाचा वास. दोन चमचे दुधात ढवळले की पोरगी बाटली तोंडाला लावून गटागटा संपवायची. सकाळी एकदा, जेवण नाकारलं की एकदा, संध्याकाळी, रात्री झोपताना. दिवसाचं दूध लिटराला पोचत होतं. भूक लागायला पोटात जागा कुठे होती?

डब्याला मी नावं ठेवली, हे कबूल करते. गावाहून येताना मी मोड आणलेल्या नाचणीचं पीठ आणलं होतं. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात घट्ट बांधून मोड काढायचे, सावलीत वाळवायची, जरा भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. आमच्या प्रशिक्षणात याचा एक चमत्कार दाखवायचे. घट्ट लापशीत या पिठाचा चमचाभर घातला आणि ढवळलं की लापशी आपसूक पातळ होते, पाणी न घालता. मोड येताना धान्यात जो रस तयार होतो तो पिठूळपणा तोडतो. लहान पोटाचं पोर एरवी पातळ पेज पिऊन पाण्यानेच भरतं. या युक्तीने तेवढ्याच वाटीत जास्त धान्य बसवता येतं. गोव्याकडे नाचणीचं तिजण करतात, आमच्याकडे आंबील. मोठ्या माणसांनी उन्हाळ्यात प्यावं असं ते पेय. शहरात दुकानात मिळतं त्यावर सत्त्व लिहिलेलं असतं. मला तो शब्द फार आवडतो. गीतेत सत्त्व म्हणजे गुण, स्वयंपाकघरात सत्त्व म्हणजे अर्क, आणि सत्त्व बघणं म्हणजे परीक्षा घेणं.

परीक्षा माझी झाली. गूळ, तूप, वेलची घालून मी केलेली खीर नातीने पहिल्या घासाला थुंकली. दुसऱ्या दिवशी वाटीच ढकलली. तिसऱ्या दिवशी मी सुनेसारखीच तिच्यामागे पळत होते आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या हातातही डबाच आहे, फक्त घरचा.

सून तेव्हा हसली नाही, यात तिचा मोठेपणा. ती मला एवढंच म्हणाली, "आई, डब्यामागे आकडे लिहिलेत. तिच्या पोटात काय गेलं ते मला कळतं. बाकी काहीच कळत नाही."

हे वाक्य माझ्या मनात राहिलं. डबा पोषण विकत असेल तेवढं असो, तो खात्री विकतो. समोरच्या जिवाला भूक आहे की नाही, घास नको म्हणजे आता नको की कधीच नको, हे आईला आतून दिसत नाही. दुसऱ्याची भूक ही दुसऱ्याची असते. त्यात आल्यागेल्याने विचारावं, "पोरगी वाळलीय, काय देतेस काय तिला?" जन्मल्यापासून बाईची परीक्षा पोराच्या वजनात घेतली जाते आणि काटा आमच्यासारख्यांच्या हातात असतो. डबा म्हणजे त्या अपराधावरचं प्रायश्चित्त, रोज चार वेळा ढवळून देण्याचं.

2024 च्या एप्रिलमध्ये सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका, कारण 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात असा काही प्रकारच सांगितलेला नाही. मुलाने बातमी वाचून दाखवली. मला बरं वाटलं, पण सुनेचा प्रश्न त्याने सुटला नाही. शब्द काढला तरी भीती राहतेच.

मग आम्ही तिघं पोरीला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. डॉक्टर म्हणाले, दुधात लोह जवळजवळ नाही, आणि एवढं दूध पोटात गेल्यावर लोह असलेलं काही खायला जागा राहत नाही. दूध दिवसाला अर्धा लिटरच्या आत आणा. लोहाचे थेंब लिहून दिले. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोने वाढतं. तेवढी भूक कमी होणारच, आणि याच वयात नव्या पदार्थाची भीतीही वाटते, दहा-बारा वेळा ताटात दिसल्याशिवाय ती जात नाही, हेही समजावलं. डब्याबद्दल मी मुद्दाम विचारलं. मला वाटलं ते तो फेकायला सांगतील. ते म्हणाले, "फेकू नका. आजारातून उठलेल्या किंवा खरोखर जेवू न शकणाऱ्या मुलाला याचा उपयोग होतो. हिला रात्रीचं जेवण झाल्यावर एक छोटा कप द्या, वाढ दिसली की बंद करू. पण जेवणाच्या आधी आणि जेवणाच्या बदली अजिबात नाही." माझा फुगा तिथे फुटला.

त्या रात्री सुनेने फोनवर एलिन सॅटर नावाच्या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंचं म्हणणं वाचून दाखवलं. बाईंनी कामाची वाटणी केली आहे. काय वाढायचं, कधी वाढायचं, कुठे बसून खायचं हे आईबापांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचं. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं नाही.

मी म्हटलं, "अगं, हा तर पडदा."

सुनेला काही कळेना. मी तिला मामंजींचं सांगितलं. भाकरी वेळेवर भाजायची, ताट स्वच्छ वाढायचं, मंडल करायचं, पाणी फिरवायचं, एवढं सगळं आपलं. त्यानंतर पडदा. आतलं त्याचं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक मी शेकडो वेळा म्हटला असेन. कीर्तनात तो परीक्षेच्या निकालाला लावतात, पेरणीला लावतात, पेन्शनीलाही लावतात. पोराच्या घासाला लावलेला मी ऐकला नव्हता. भरवणं हे कर्म आणि पोटात जाणं हे फळ, आणि कर्मावर हक्क आहे, फळावर नाही, हे आईला सांगायचं धाडस कुणी केलं नसेल. मलाही ते झालं नसतं. तो श्लोक लोक अर्धाच वापरतात, हेही जाता जाता सांगते. शेवटचा चरण म्हणतो की काहीच न करण्यातही गुंतू नकोस. पडदा ओढणारा माणूस त्याआधी पहाटे उठलेला असतो.

सून मात्र वकिलासारखी. ती म्हणाली, "आणि नामदेव? त्याने कुठे पडदा ओढला?"

खरंच की. दामाशेटींच्या घरचा नैवेद्य पोराच्या हाती आला, पोर देवासमोर बसलं, देव जेवेना, तेव्हा पोराने डोकं आपटायची तयारी केली. आणि देव जेवला. वारकरी घरात ही गोष्ट भक्तीचा कळस म्हणून सांगतात, पंढरपूरला नामदेव पायरीवर पाय न देता आम्ही आत जातो. मग मामंजी चुकले काय?

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मी कीर्तनात ऐकलेल्या गोष्टीत नामदेव रडत म्हणतो, ताट तसंच नेलं तर घरी मला काय म्हणतील? म्हणजे त्यालाही सुनेसारखीच भीती होती, आल्यागेल्याची. विठोबा काही भुकेने जेवला नाही. त्याला पोराची दया आली म्हणून जेवला. देवाला ते परवडतं. त्याला भूक नसता जेवून अपचन होत नाही की पुढच्या वेळी ताट बघून धडकी भरत नाही. पण आमच्या घरात काय चाललं होतं? सुनेचे डोळे भरले की नात एक घास तोंडात घ्यायची, गालात धरून वीस मिनिटं बसायची, मग ओकायची. आईची दया येऊन ती घास घेत होती. अडीच वर्षांच्या पोरीवर आम्ही विठोबाचं काम टाकलं होतं.

आणि यशोदा? तिनेही बाळाचं तोंड उघडायला लावलंच की. माती खाल्ली का बघायला उघडलं आणि आत सगळं ब्रह्मांड दिसलं. बाकीच्या आयांना घास गिळला की नाही तेवढंच बघायचं असतं, म्हणून तेवढंच दिसतं.

पण हे सगळं लिहिताना एक पोर माझ्यासमोर येऊन उभं राहतं आणि त्याच्यापुढे मला पडद्याची गोष्ट सांगता येत नाही.

1991 चा हंगाम. गावाखालच्या शिवारात बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या. दोन वर्षांचा एक मुलगा, आईच्या कडेवर, मान टाकलेली. आई म्हणाली, "खातच न्हाई बाई. भाकर दिली तर तोंड फिरवतो. लई नाटकी हाय." मी काट्याला टांगला, वजन वयाला बऱ्यापैकी भरलं. टिंब बऱ्या पट्ट्यात. मी वहीत लिहिलं, खाण्याची टाळाटाळ. आईला चार उपदेश केले, ताट पुढे ठेव, जबरदस्ती करू नको. मला शहाणपण वाटलं होतं ते.

आठवड्याने नर्सबाई आल्या. त्यांनी पोराच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि काढला. खळगा तसाच राहिला. दोन्ही पायांना. अंगावर होतं ते मांस नव्हतं, पाणी होतं, आणि माझ्या काट्याने ते पाणी तोललं होतं. पोर नाटकी नव्हतं. उपासमार फार लांबली की भूकच मरते. जीव अन्नाकडे पाठ करतो. त्याच दिवशी ट्रॅक्टरमधून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तीन आठवड्यांनी परत आला तेव्हा वजन पहिल्यापेक्षा दीड किलोने कमी होतं. आणि बरा होता. हाडं दिसत होती, पण भाकरीसाठी आकांत करत होता. तक्त्यावर त्याची रेघ सरळ खाली गेलेली, आणि तो महिना त्याच्या आयुष्यातला चांगला महिना. कारखान्याचा पट्टा पडला तशी कोप्या उठल्या. पुढे त्याचं काय झालं, मला ठाऊक नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी आमच्या प्रशिक्षणात भुकेची चाचणी आली. अतितीव्र कुपोषित मुलाला घरी ठेवायचं की दवाखान्यात, हे ठरवायला त्याच्यासमोर पोषक खाऊ ठेवून तो खातो का ते बघायचं. खात नसेल तर थांबायचं नाही. मला दर वेळी ते पाऊल आठवायचं.

'नको' दोन प्रकारचं असतं. नातीचं 'नको' म्हणजे तिच्या मीपणाला फुटलेला पहिला कोंब. बोलायला शिकल्यावर पहिला मोठा शब्द तिने तोच निवडला. त्या मुलाचं 'नको' म्हणजे मीपण विझत चाललेलं. पहिल्यावर पडदा ओढावा. दुसऱ्यावर ओढणं हे पाप आहे, आणि मी ते आठ दिवस केलं. 2019 ते 21 मध्ये केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 100 मुलांपैकी 36 वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. त्यातली फार थोडी डब्याच्या घरातली असणार. बाकीच्या घरांत फळावरचा हक्क सोडायला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. तिथे आधी ताटात काही हवं.

तैत्तिरीय उपनिषदातली भृगूची गोष्ट मी फार उशिरा, निवृत्तीनंतर वाचली. भृगू बापाला विचारतो, ब्रह्म म्हणजे काय? बाप, वरुण, उत्तर देत नाही. कशाच्या मागे जायचं ते सांगतो आणि म्हणतो, तप कर. पोरगा तप करून येतो: अन्न हे ब्रह्म. बाप चूकही म्हणत नाही, बरोबरही म्हणत नाही. पुन्हा तप कर. प्राण, मन, विज्ञान, शेवटी आनंद. पाच वेळा ताट वाढलं, घास एकदाही भरवला नाही. मला वाटलं होतं आनंदावर गोष्ट संपेल. पण उपनिषद तिथून परत अन्नाकडे येतं आणि व्रतं सांगतं: अन्नाला नावं ठेवू नकोस, टाकू नकोस, ते वाढव, दारी आलेल्याला परत धाडू नकोस. पहिलं व्रत वाचताना मला व्हॅनिलाचा डबा आठवला. मीही त्याला नावं ठेवली होती. त्यात भरलेलं दूधही कुठल्या तरी म्हशीने दिलेलंच.

पुण्यात आम्ही मग असं केलं. तीन जेवणं, मधे दोनदा खाऊ, त्यामधल्या वेळात पाण्याशिवाय काही नाही. सगळ्यांनी खाली एकत्र बसायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. नातीच्या ताटात आमच्याच जेवणातलं थोडं थोडं: वरणभात, पोळीचा तुकडा, चमचाभर भाजी, कधी उकडलेलं अंडं. कुणी तिच्याकडे बघायचं नाही. हे सगळ्यात अवघड. सून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, मुलगा ताटात मान घालायचा, मी मनात भैरवनाथाचं नाव घ्यायची. अर्ध्या तासाने ताट उचलायचं, रिकामं असो की भरलेलं, आणि त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. पहिले चार दिवस तिने जवळजवळ काही खाल्लं नाही. रात्रीच्या कपावर झोपली. सून दोनदा कपाटापर्यंत जाऊन परत आली. पाचव्या दिवशी पोरीने माझ्या ताटातला भाकरीचा पापुद्रा उचलला. मी बघितलं नाही. म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. एकतीस वर्षांची सवय.

वजन महिन्यातून एकदाच करायचं असं ठरवलं, आणि ते मी करायचं, सुनेने नाही. चार महिन्यांनी दहा किलो सहाशे भरलं. तक्त्यावर ती खालच्या रेषेच्या जेमतेम वर आली. हिमोग्लोबिन अकरा. डॉक्टरांनी डबा बंद केला.

वांगं ती अजून खात नाही.